सातच्या जागी सहा

टाळ्या एकट्या आईने वाजवल्या, आणि तिथेच सगळं बिनसलं. वाचनालयाचं सभागृह, शंभर-सव्वाशे माणसं. पुढे संस्थेतलीच ओळखीची तोंडं, मागे कॉलेजातली पोरंपोरी छातीवर सशाच्या चित्राचे बिल्ले लावून बसलेली. आणि व्यासपीठावर डॉक्टरीण, म्हणजे माणसांची नव्हे, जनावरांची. संशोधन संस्थेच्या प्राणिगृहात सतरा वर्षं काढलेली पशुवैद्य. प्राण्यांवरच्या प्रयोगांबद्दल लोकांना काय वाटेल ते विचारू द्यायचं, असा कार्यक्रम होता. तासभर सगळं रीतसर पार पडलं. बिल्लेवाल्यांनी बिल्लेवाल्यांसारखे प्रश्न विचारले, तिने पाठ केलेली उत्तरं दिली. आता आभार आणि चहा एवढंच उरलं होतं, तेवढ्यात मधल्या रांगेतली एक बाई उठली. बिल्ला नाही, फलक नाही, आवाजात धारसुद्धा नाही. मांडीवरची पिशवी खुर्चीवर ठेवून तिने विचारलं, "एखाद्या मुक्या जिवाला दुखतंय हे तुम्हाला कळलंय, आणि तरी तुम्ही थांबला नाहीत, असं तुमच्या हातून कधी झालं का हो?" डॉक्टरीण म्हणाली, "नाही. आमच्याकडे तसं होऊच शकत नाही. रोज तपासणी असते. आकडा ठरलेला असतो. तो गाठला की त्याच दिवशी आम्ही थांबतो." बाई "बरं" म्हणाली आणि पिशवी परत मांडीवर घेऊन बसली. मग सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. आणि त्या शांततेत दुसऱ्या रांगेच्या कडेला, शालीतून दोन काटकुळे हात बाहेर काढून, डॉक्टरणीच्या आईने टाळ्या वाजवल्या. चार-पाच, सावकाश. कुणी साथ दिली नाही तरी वाजवल्या, आणि हात परत शालीत घातले.

आता ही रविवारची दुपार. आई आतल्या खोलीत पडली आहे आणि डॉक्टरीण स्वयंपाकघरात तोच एक पेला तिसऱ्यांदा विसळते आहे. काल गाडीतून घरी येताना आई आपणहून एक अक्षर बोलली नाही. एरवी तिचं तोंड कधी मिटायचं नाही. सिग्नलला शेजारी थांबलेल्या माणसाच्या टोपीवरही तिला काहीतरी म्हणायचं असायचं. काल फक्त, गाडी खड्ड्यातून गेली तेव्हा तिने दाराच्या वरची कडी धरली आणि ती घर येईपर्यंत सोडली नाही. डॉक्टरणीने विचारलं, "दमलीस?" आई म्हणाली, "छे गं, मजा आली." मजा! त्या सभागृहात मजा कुणालाही आली नव्हती. संस्थेच्या प्रसिद्धी अधिकारी बाईंना तेवढी आली होती, त्यांनी पायऱ्या उतरताना डॉक्टरणीचा दंड दाबून म्हटलं होतं, "शेवटचं उत्तर तर काय, फर्स्ट क्लास! एक सेकंदही घेतला नाहीत." ती गोष्ट रात्रभर तिच्या डोक्यात कुसळासारखी टोचत राहिली. एक सेकंदही घेतला नाही. खरं बोलायला माणसाला निदान श्वास घ्यावा लागतो.

या प्रसिद्धी अधिकारी बाई काही वाईट नव्हेत, हे आधीच सांगायला हवं. त्यांच्या मते लोक शास्त्रज्ञांना घाबरतात ते शास्त्रज्ञ गप्प बसतात म्हणून, आणि यात खोटं काही नाही. संस्थेच्या फाटकावर पाटी आहे तीवर 'प्राणिगृह' हा शब्द नाही; इमारत क्रमांक पाच, एवढंच. सतरा वर्षांत डॉक्टरणीने कुणालाच धड सांगितलं नव्हतं की ती काय करते. लिफ्टमध्ये शेजारीण विचारायची, "तुम्ही कुत्र्यामांजरांच्या ना?" की ही म्हणायची, "हो, तसंच काहीसं." मग त्या शेजारणीने एकदा आपलं लंगडणारं मांजर आणलं, हिने ते बरंही केलं, आणि वर पोतंभर कौतुक पदरात पाडून घेतलं. भावाच्या मुलांना तर आत्या सशांना सांभाळते असंच ठाऊक. सांभाळते, हे खरंच आहे. त्यांची पाण्याची बाटली, त्यांचं गवत, खोलीतली ऊब, दुखण्यावरचं औषध, सगळं हीच बघते. आणि शेवटही हीच बघते, तेवढं सोडून मुलांना सगळं सांगितलेलं. म्हणून संस्थेने जेव्हा ठरवलं की आता लोकांसमोर जायचं, दडवादडवी पुरे, तेव्हा हिला मनापासून बरं वाटलं होतं. वाटलं, सुटले. मग प्रसिद्धी अधिकारी बाईंनी बत्तीस कार्डं आणून दिली. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. आधी रोग्याचं बोला, मग प्राण्याचं. आकडे सांगा, पण तीनपेक्षा जास्त नकोत. हसू नका, रडवेल्याही होऊ नका. पडद्यावरचा ससा स्वच्छ हवा, डोळे उघडे हवेत.

आणि ही बत्तीस कार्डं आईने पाठ करून घेतली. काय रंगल्या होत्या त्या संध्याकाळी! आई गणिताची शिक्षिका. चौतीस वर्षं शाळेत घालवली आणि एकाही पोराला अर्धा गुण फुकट दिला नाही, अशी ख्याती. स्वतःच्या मुलीला सहामाहीत एका गुणासाठी नापास केलं होतं तिने, आणि घरी आल्यावर तिच्याबरोबर बसून रडलीही होती, पण गुण वाढवला नाही. ती पलंगावर तीन उशा पाठीशी घेऊन बसायची, वर्तमानपत्राची गुंडाळी करून ती परजायची आणि ओरडायची, "ए खुनी बाई! उत्तर दे!" डॉक्टरीण हसू दाबत कार्डावरचं उत्तर म्हणायची. "दगड!" आई म्हणायची, "हे तू बोलत नाहीस, हे कार्ड बोलतंय. परत." कधी ती बिल्लेवाली पोरगी व्हायची, कधी वैतागलेला म्हातारा, कधी नुसतीच कुत्सित हसणारी कुणीतरी. सगळी सोंगं तिला साधायची. दुखणं हाडांत उतरलंय हे कळून तेव्हा अडीच महिने झाले होते. त्या खेळात आई इतकी जिवंत असायची, की डॉक्टरीण घरी लवकर यायची, वाटेत कुठे थांबायची नाही. बत्तीस कार्डांत तो पिशवीवाल्या बाईचा प्रश्न मात्र नव्हता. आईनेही तो कधी विचारला नव्हता, आणि आईला सुचला नसेल असं कसं म्हणायचं?

पेला पालथा घालून ती दाराशी आली. स्वयंपाकघर आणि आईची खोली यांच्या मध्ये दाराला हातभर काच आहे, घडीघडीच्या नक्षीची, पण खालच्या कोपऱ्यात एक तुकडा बदललेला, साधा. वाकलं की त्यातून पलंग दिसतो. गेले सहा आठवडे ती वाकत होती. हे तिचं कामच, त्यात नवल नाही. ससा माणसासमोर दुखणं दाखवत नाही. पिंजऱ्यासमोर उभं राहिलं की तो कान सरळ करतो, डोळे उघडतो, जणू काही झालेलंच नाही. दुबळा दिसला की कुणीतरी खाणार, हे त्याच्या रक्तात आहे. म्हणून त्याला माणूस नसताना बघायचं असतं, आडून. पाच गोष्टी बघायच्या. डोळे किती मिटलेत, गाल किती ओढलेत, नाकपुड्या, मिशा, कान. प्रत्येकीला शून्य, एक किंवा दोन. बेरीज दहापर्यंत जाते. संस्थेचा नियम सातचा. सात झाले की पुढे काही नाही. प्रयोग कितीही मोलाचा असो, त्या जनावराचा त्याच दिवशी शेवट करायचा, झोपेतच, सुई लावून. या नियमाचा तिला अभिमान होता. तो तिनेच भांडून सातवर आणला होता, आधी आठ होता.

पहिल्यांदा त्या साध्या काचेतून आईकडे पाहिलं ते सहज, झोपली का बघायला. आई झोपली नव्हती. तिचे डोळे बारीक झाले होते, गाल आत गेले होते, ओठ पांढरे पडेपर्यंत दाबलेले, आणि डोकं उशीत असं रुतवलेलं की जणू कुणीतरी वरून दाबतंय. आणि हिच्या डोक्यात, हिला न विचारता, बेरीज झाली. डोळे दोन. गाल दोन. नाकपुड्या एक. कान आणि मिशा माणसाचं दुखणं सांगत नाहीत, त्याऐवजी तिने कपाळ धरलं आणि हातांच्या मुठी. स्वतःच्या आईला! तिला इतकी शिसारी आली स्वतःची, की ती तिथेच ओट्याला धरून उभी राहिली. मग दार ढकलून आत गेली. आईचा चेहरा क्षणात सैल झाला. डोळे उघडले. "आलीस होय? त्या कोड्यात उभा सात अडलाय बघ." आवाज खणखणीत. "दुखतंय का गं?" "बरं आहे."

यानंतर रोज. रोज ती आडून बघायची, रोज बेरीज व्हायची, रोज दार ढकललं की आई बरी असायची. दर गुरुवारी डॉक्टर यायचे, म्हातारे, शांत, जिना चढून आले की आधी पाच मिनिटं नुसते बसणारे. ते आईला विचारायचे, "दुखणं कसंय?" आई म्हणायची, "थोडंफार. वयाला शोभेल इतकं." मग ते डॉक्टरणीकडे बघायचे. "तुम्ही जवळ असता. तुम्हाला काय वाटतं?" पहिल्याच गुरुवारी त्यांनी तिला जिन्यापर्यंत नेऊन नीट सांगितलं होतं: साध्या गोळ्यांनी भागेनासं झालं की मॉर्फिन सुरू करू, दुखणं आवरेल, पण त्यांच्या हाडांची अवस्था बघता डोस मोठा लागेल, त्या बराच वेळ गुंगीत राहतील, आत्तासारख्या बोलणार नाहीत, आणि एकदा ते सुरू झालं की दिवस फार उरलेले नसतील. "तुम्ही सांगाल तेव्हा," ते म्हणाले होते. आणि धाकटा भाऊ परदेशातून रोज संध्याकाळी फोनवर: "ताई, महिनाअखेर येतोय मी. तोवर ते गुंगीचं काही नको. मला आईशी नीट बोलायचंय गं. एकदा तरी." यात त्याचं काय चुकलं? म्हणून डॉक्टरांनी विचारलं की ती म्हणायची, "सहन होण्यासारखं आहे." सहा गुरुवार. खरं सांगायचं तर भावाचं नाव ही निव्वळ सबब होती. तिला स्वतःलाच ती वर्तमानपत्राची गुंडाळी परजणारी आई हवी होती, आणखी थोडे दिवस, आणखी एक संध्याकाळ. काचेतून बेरीज सात यायची आणि ती मनात सहा लिहायची.

सहा लिहायची ही पहिली वेळ नव्हती. पाच वर्षांपूर्वी, मोडलेलं हाड सांधणाऱ्या एका नव्या लुकणाचा प्रयोग होता, बारा ससे. स्क्रूशिवाय हाड जुळलं तर लहान मुलांना दुसरं ऑपरेशन लागणार नव्हतं. काम खरोखर चांगलं होतं, आणि पुढे ते झालंही. शेवटचा एक्स-रे सोमवारी काढायचा होता. शुक्रवारी संध्याकाळी नवव्या पिंजऱ्यातल्या सशाची बेरीज सात आली. तिने ती दोनदा केली. गणित बाराचं होतं; तो एक गेला असता तर अकरा उरले असते, आणि अकरावर निष्कर्ष टिकत नव्हता. म्हणजे सगळंच पाण्यात आणि परत नव्याने बारा ससे. एकासाठी बारा. हे तिने अगदी खरेपणाने तोललं होतं, आणि तक्त्यावर सहा लिहून सही केली. दुखण्यावरचं औषध वाढवून दिलं, दिवा मालवला. शनिवारी तिची सुट्टी होती. रविवारी सकाळी प्राणिगृहातल्या काकांचा फोन आला. हे काका तिच्याही आधीपासून तिथे, पिंजरे धुणारे, सशांशी दिवसभर गप्पा मारणारे. म्हणाले, "मॅडम, नऊ नंबर कालपासून काही खाईना." ती पोचली तेव्हा काकांनी त्याला आपल्या स्वेटरवर घेतलं होतं. तो कोपऱ्याकडे तोंड करून होता आणि दात खात होता, कर्र कर्र, हळूच. सशाला फार दुखलं की तो असा दात खातो. माणूस समोर होता तरी त्याने आता काही लपवलं नाही. तिने त्याला वळवून आपल्याकडे बघायला लावलं, का कोण जाणे, आणि लगेच सुई भरली. एक्स-रे तिने त्यानंतर काढला. तो चालला; एक दिवस आधीचा चालत होता, तीन दिवस आधीचा चालला नसता. बारा पूर्ण झाले. काका स्वेटर घडी करत म्हणाले, "शुक्रवारी बरा होता ना?" ती म्हणाली, "सहा होते." एक सेकंदही घेतला नव्हता तेव्हाही.

"अगं, ऐकतेस का?" आतून आईने हाक मारली. डॉक्टरीण दचकली, ती काचेपाशी वाकलेलीच होती. आत गेली. आई नेहमीसारखा चेहरा घेऊन बसली होती, पण कोडं उघडलेलं नव्हतं, चष्मा घडी करून मांडीवर. "बस," आई म्हणाली. ती बसली. "मी काल टाळ्या का वाजवल्या?"

"मला काय ठाऊक. कौतुक वाटलं असेल."

"कौतुक!" आई म्हणाली. "तू धडधडीत खोटं बोललीस आणि सगळं सभागृह गप्प बसलं. मला वाटलं, आता ती बाई परत उठणार आणि माझ्या पोरीची शोभा होणार. म्हणून वाजवल्या. आयुष्यात पहिल्यांदा चुकीच्या उत्तराला गुण दिले बघ मी."

डॉक्टरणीने तोंड उघडलं. उत्तर तयारच होतं, जिभेच्या टोकावर, कार्डाच्या दुसऱ्या बाजूसारखं. आईने हात वर केला. "थांब. कार्ड नको. तो आवाज मला चांगला ओळखू येतो, मीच बसवून घेतलाय तुझ्याकडून. पण एक सांगू? तू तो बाहेर काल वापरलास. माझ्याशी गेले चार महिने त्याच आवाजात बोलते आहेस. रिपोर्ट ठीक आहेत, आई. डॉक्टर समाधानी आहेत, आई. सहन होण्यासारखं आहे, डॉक्टर." शेवटचं वाक्य तिने हुबेहूब हिच्या आवाजात म्हटलं, सोंगं तिला साधायचीच. "झालं होतं ना तसं? कुणाला दुखत होतं, आणि तू थांबली नव्हतीस?"

मग डॉक्टरणीने सांगितलं. पाच वर्षांत काकांना नाही, प्रयोगाच्या प्रमुखांना नाही, कुणालाच न सांगितलेलं, सगळं, शुक्रवारचं, दिवा मालवल्याचं, स्वेटरचं, दात खाल्ल्याचं. बाराचं गणितही सांगितलं, कारण ते खरं होतं, आणि आई गणिताची होती. सांगून झाल्यावर आईने मांडीवरचा चष्मा उघडला आणि परत घडी केला. खाली कुणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता.

"गणित बरोबर आहे तुझं," आई म्हणाली. "एकासाठी बारा जाऊ द्यायचे नाहीत, हे कुणी मोठ्याने म्हटलं असतं तर मी ऐकून घेतलं असतं. काल म्हटलं असतंस तर त्या पिशवीवाल्या बाईनेही घेतलं असतं कदाचित. नसतंही घेतलं. पण मग भांडता तरी आलं असतं तिला. तू सात पुसून सहा केलेस, आता कुणी भांडायचं कशाशी?" ती थांबली. श्वास घ्यायला थांबली, आणि तो श्वास अर्ध्यावर अडकला. "त्या बिचाऱ्याला काय कळणार, कागदावर काय लिहिलंय ते. मला मात्र कळतं हं. त्या काचेत तुझी सावली पडते. रोज. बाहेर उभी राहून तू मोजतेस, मग आत येतेस आणि मला विचारतेस दुखतंय का. मला वाटायचं, हिला आई बरी हवी आहे, तर होऊ बरी. किती वेळ लागतो चेहरा सारखा करायला." आता तिने तो सारखा केला नाही. डॉक्टरणीच्या देखत, पहिल्यांदाच, तो चेहरा काचेतल्यासारखा झाला; गाल ओढले गेले, डोळे मिटत गेले, हातांच्या मुठी वळल्या. "दुखतंय गं," आई म्हणाली. "फार दुखतंय. आता नाही होत."

डॉक्टरांना फोन लागला तेव्हा ते जेवत होते. तासाभरात निघतो म्हणाले. मग डॉक्टरणीने भावाला फोन लावला. तिकडे पहाट होती. तिने काहीच समजावलं नाही, फक्त म्हणाली, "आईशी आत्ता बोल. नीट बोलायचं होतं ना, ते आत्ताच." आणि फोन आईच्या कानाशी धरला, आईला तो धरवत नव्हता. आईने काय केलं असेल? तिने चेहरा परत सारखा केला. आवाज खणखणीत केला. त्याला विचारलं, दात घासलेस का. त्याच्या धाकट्याला बेचा पाढा येतो का, मग म्हणवून घेतला, बे दाहे वीसपर्यंत, झोपेतून उठवलेल्या त्या पोराकडून. चुकला तिथे "परत" म्हणाली. भाऊ तिकडे रडत होता ते फोनमधून डॉक्टरणीलाही ऐकू येत होतं. "तू येशील तेव्हा मी झोपलेली असेन," आई त्याला म्हणाली, "म्हणून राग धरू नकोस. ताईवर तर मुळीच धरू नकोस." फोन बंद झाल्यावर तिने उशीचा कोपरा दातांत धरला. डॉक्टरीण तिची पाठ चोळत राहिली, हाताला एकेक मणका लागत होता, आणि भिंतीवरच्या घड्याळात अजून पस्तीस मिनिटं होती.

डॉक्टर आले. आज पाच मिनिटं बसले नाहीत. पेटी उघडून त्यांनी औषध सुईत भरायला घेतलं आणि सवयीने आईलाच विचारलं, "अचानक वाढलं का?" आईने मान वळवली. ती डॉक्टरणीकडे बघत होती. रागाने नव्हे, वर्गात एखाद्या पोराचं उत्तर ऐकायला थांबावं तशी थांबली होती. हो म्हणणं इतकं सोपं होतं. काल रात्रीपासून, गाडीतल्या धक्क्यांनी. डॉक्टरांनी विश्वास ठेवला असता, भावानेही ठेवला असता. डॉक्टरणीने श्वास घेतला.

"अचानक नाही," ती म्हणाली. "सहा आठवडे झाले. मला दिसत होतं. हे माझं कामच आहे, मला दिसणार नाही असं कसं होईल? तुम्ही दर गुरुवारी विचारत होतात आणि मी खोटं सांगत होते. मला ती जागी हवी होती."

डॉक्टरांचे हात थांबले. त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. सुईतला हवेचा बुडबुडा काढला. आईने स्वतःच बाही वर केली. औषध गेलं.

दहा-बारा मिनिटं लागली. आधी मुठी सुटल्या. मग जबडा. मग गाल भरून आल्यासारखे झाले, आणि कपाळ, जे आपल्या आईचं कपाळच तसं आहे असं डॉक्टरीण समजून चालली होती, ते हळूहळू सपाट झालं, एकही आठी नसलेलं. सहा नव्हते ते. सातही नव्हते. किती दुखत होतं, हे दुखणं निघून जाताना तिला कळलं. तिने आईला हाक मारली. दोनदा मारली. आईने डोळे उघडले नाहीत, ओठ जरासे हलले, आणि त्यातून काही आलं नाही. डॉक्टर म्हणाले, "झोपू द्या त्यांना." मग ती पलंगाच्या कडेला बसून, त्या परक्या म्हाताऱ्या माणसासमोर, ओक्साबोक्शी रडली.